नाव कमी केल्याचा दाखला

आमच्या घरच्या रेशनकार्डावर एक नाव लाल शाईने कापलेलं आहे. ते फुफीचं. कापणारा पुरवठा शाखेतला कारकून होता, पण तसा अर्ज माझ्या अक्षरात होता आणि खाली सही माझी होती. "वरील व्यक्ती माझ्या कुटुंबात राहत नाही, सबब तिचे नाव कमी करण्यात यावे." ही गोष्ट २०११ सालची. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो आणि ज्या ओट्यावर बसून मी तो अर्ज लिहिला, त्याच ओट्यावर फुफी माझ्यासाठी चहा घेऊन आली होती.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, धुळ्याच्या हद्दीला चिकटलेलं. आम्ही पिंजारी. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि मशिदीत जमेल तशी उर्दू, असा आमचा कारभार. खान्देशातल्या पिंजाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. अब्बा आणि फुफी ही सख्खी भावंडं. दोघांनी आजोबांबरोबर गावोगाव हिंडून कापूस पिंजला, गाद्या-रजया भरल्या. पिंजणाच्या तातीचा तो टण्‌टण् आवाज आला की गल्लीतल्या बाया जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. पुढे पिंजायची यंत्रं आली, मग फोमच्या गाद्या आल्या, आणि आमचं पिंजण माळ्यावर गेलं. ते अजून तिथंच आहे.

फुफीला धुळ्यात दिली होती. नवरा तिथल्या मागावर कामाला. काही वर्षांनी तो जास्त मजुरीसाठी सुरतला गेला, जसे खान्देशातले हजारो लोक ताप्ती लाइनच्या गाडीत बसून जातात. सुरुवातीला पैसे यायचे, मग नुसती पत्रं, मग पत्रंही नाहीत. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला "चार दिवस माहेरी जा" म्हणून पाठवलं, ती पुन्हा धुळ्याला गेलीच नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात सुरतहून एक आंतरदेशीय पत्र आलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा. पत्र गुजरातीत होतं. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, त्याने तिथल्या कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. आमच्या घरात गुजराती कुणाला येणार? फुफी पत्र घेऊन गावातल्या गुजराती शेठच्या दुकानी गेली, मी बरोबर. शेठने चष्मा लावला, दोन ओळी मोठ्याने वाचल्या, तब्येत, पाऊसपाणी वगैरे, आणि मग तो मनातल्या मनात वाचू लागला. वाचून झाल्यावर त्याने पत्राची घडी घातली. "बेन, भावाला पाठव, त्याला सांगतो," एवढंच म्हणाला. फुफी हलली नाही. "मना कागद शे, माले सांग," म्हणाली. तेव्हा त्याने सांगितलं. तीन वेळा लिहिलेला तो शब्द त्याने एकदाच उच्चारला. माझ्या आठवणीत त्या माणसाचा हा मोठेपणा राहिला आहे.

गंमत बघा, त्याच महिन्यांत दिल्लीत तलाक झालेल्या मुस्लिम बाईच्या पोटगीवरून रणकंदन चालू होतं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोच्या बाजूने निकाल दिला होता आणि मे १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला. आमच्या गावच्या चौकात त्या निकालाच्या निषेधाचं पत्रक वाटलं गेलं. वाटणाऱ्यांत अब्बाही होते. त्यांच्या बहिणीचं पत्र तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं घरात कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षं फुफी आमच्या घरात राहिली. राहिली म्हणजे राबली. आम्हा चारही भावंडांची नाकं तिने पुसली. कापूस वेचायला, भुईमुगाच्या शेंगा तोडायला गेली, मजुरीचे पैसे अम्मीच्या हातात दिले. पिंजणकाम असेपर्यंत तेही केलं. पण घरात तिच्या हातात स्वतःचा म्हणून पैसा कधी नव्हता. रमजानमध्ये कुणी फितरा द्यायला आलं, तर ती आत निघून जायची. नातेवाइकांतल्या एकाने एकदा जकातीचे दोनशे रुपये तिच्या हातात ठेवले, तेव्हा तिने ते मशिदीच्या पेटीत टाकले आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलली नाही. सूरह बकरामध्ये अशा हाजतमंदांचा उल्लेख आहे, जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत आणि ज्यांच्या संयमामुळे अजाण माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. आम्ही सगळे त्या अजाण माणसांतले. परगावच्या मदरशांची पावतीपुस्तकं घेऊन सफीर आले की आम्ही शंभराची नोट काढायचो. शेजारच्या खोलीतल्या बाईला दाढदुखीसाठी गोळी आणायला पैसे लागतात, हे तिने सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नव्हतं, आणि ती सांगत नव्हती.

'पगार' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो २००४-०५ च्या सुमारास. गल्लीतल्या एका विधवा मावशीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे सुरू झाले होते. सरकारी कागदावर त्याला अनुदान म्हणतात, लोक म्हणतात पगार. निराधारचा पगार. मला वाटतं, लोकांनी हा शब्द विचार करून निवडला आहे. अनुदान मिळतं, पगार कमावलेला असतो. जन्मभर राबलेल्या बाईला महिन्याच्या शेवटी सरकारकडून काही मिळालं, तर त्याला दुसरं काय म्हणणार?

ही योजना १९८० सालची, आणि ती आणली बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी. महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढीच त्यांची कारकीर्द. पुढे त्यांच्यावर आरोप झाले, पद गेलं, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण विधवा, परित्यक्ता, तलाक झालेली बाई, अपंग, अनाथ, दुर्धर आजाराने पडलेला माणूस, यांना दर महिन्याला राज्याच्या तिजोरीतून रोख रक्कम द्यायची, ही कल्पना त्यांच्या काळात अमलात आली आणि नंतर आलेल्या कुठल्याही सरकारला ती बंद करता आली नाही. मौलवीसाहेब जुम्म्याच्या बयानात हजरत उमर यांच्या दीवानचा, म्हणजे वजिफ्याच्या नोंदवहीचा दाखला देतात. त्यांनी एका भीक मागणाऱ्या वृद्ध यहुद्याला बैतुलमालमधून वजिफा लावून दिला, ती रिवायत सांगतात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण आपल्याच तालुक्याच्या कचेरीत तशी एक नोंदवही आहे आणि आपल्या गल्लीतल्या किती जणी तिच्यात बसतात, हे मशिदीत कुणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

फुफीला मात्र हे ठाऊक होतं. अब्बांनी विरोध केला तेव्हा ती म्हणाली, "लाज कसानी? भीक थोडी शे, पगार शे हाऊ. अंतुले सायबनी चालू करेल शे."

अब्बांचा विरोध पैशाला नव्हता, शब्दाला होता. निराधार. "मी जित्ता शे आनि मनी बहीन निराधार?" त्यांनी आवाज चढवला. गावात काय तोंड दाखवू, म्हणाले. फुफी खाली बघून म्हणाली, "भाऊनी भाकर गोड ऱ्हास, पन ती भाऊनी ऱ्हास." अब्बा असेपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही. २०१० मध्ये ते गेले. चाळिसावा झाला आणि पुढच्याच आठवड्यात फुफीने पेटीतलं ते आंतरदेशीय पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

आता कागदांची गोष्ट. वयाचा पुरावा हवा. जन्माची नोंद कुठे असणार? सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बघून ५६ वर्षं लिहिलं. तिने विचारलं, "छप्पन कशावरून?" डॉक्टर हसले, म्हणाले, "मावशी, कमी सांगू की जास्त?" रहिवासाचा दाखला, राज्यात किमान १५ वर्षं राहिल्याचा. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, त्यावर तहसीलचा दाखला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत हवं. मी तेव्हाच हिशेब केला होता: दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. ती मर्यादा पुढेही तिथंच राहिली. २०२३ पासून अनुदान महिना १५०० झालं, म्हणजे वर्षाचे १८ हजार. अनुदान मर्यादेच्या इतकं जवळ पोचलं, तरी मर्यादा जागची हलली नाही.

खरी अडचण तलाकच्या पुराव्याची आली. खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "कोर्टाचा आदेश?" मी म्हटलं, "आमच्यात तो तोंडी होतो, हे पत्र आहे." त्याने पत्र उलटसुलट पाहिलं. "हे तर गुजराती आहे. भाषांतर करून आणा, नोटरी करून आणा. आणि नवऱ्याने तलाक दिला याला साक्षीदार कोण?" ज्या शेठने पत्र वाचलं होतं, तो केव्हाच वारला होता. फुफी मागे उभी होती. पंचवीस वर्षं जपलेला तो कागद तिने हात पुढे करून परत घेतला.

शेवटी गावातल्या एका माहितगाराने वाट सांगितली: तलाकच्या रकान्यात जाऊ नका, परित्यक्तेच्या रकान्यात जा. नवऱ्याने टाकून दिलेली. त्याला तलाठ्याचा पंचनामा चालतो. तसं केलं. त्यामुळे सरकारदप्तरी फुफी परित्यक्ता आहे, शरियतप्रमाणे मुतल्लका आहे. आणि तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, "मी पिंजारीन शे." बाबूच्या हातात काही ठेवावं लागलं का, असं वाचक विचारतील. बाबूच्या नाही, मधल्या माणसाच्या हातात ठेवावं लागलं. किती, ते लिहीत नाही. आजही लाज वाटते.

पंचनाम्यात एक वाक्य होतं: सदर महिलेस सांभाळणारे कोणीही नाही. खाली पंचांच्या सह्या. तलाठी म्हणाला, "तुमचीही करा, घरचा माणूस म्हणून." घरचा माणूस म्हणून मी सही केली की हिला घरचं कुणी नाही. आणि तिचं नाव आमच्या कार्डावर असेपर्यंत माझा शिक्षकाचा पगार तिच्याही उत्पन्नात धरला जाणार, म्हणून आधी सांगितलेला तो अर्ज. नाव कमी केल्याचा दाखला मिळाला, त्यावर तिचं स्वतंत्र कार्ड निघालं. एका बाईचं कुटुंब. कुटुंबप्रमुख: ती स्वतः. हे वाचून दाखवलं, तेव्हा ती जरा हसली. मग मला विचारलं, "मंग कागदवर मी तुनी कोनीच नही का रे भाऊ?"

मी म्हटलं, कागदावर काय असतं फुफी. शाळेत मुलांना रोज कागदावरचं खरं मानायला शिकवणारा मी.

पुढे कधीतरी त्या १९८६ च्या कायद्याचं मराठी भाषांतर माझ्या वाचनात आलं. त्यात असं आहे की, तलाक झालेल्या बाईला इद्दतनंतर स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर तिच्या मृत्यूनंतर जे नातेवाईक तिचे वारस होतील त्यांनी तिला पोसावं, आणि त्यांची ऐपत नसेल तर राज्याच्या वक्फ बोर्डाने. वक्फ बोर्डाकडून अशा एखाद्या बाईला महिन्याचे पैसे येताना मी खान्देशात पाहिलेलं नाही. पण मी अडकलो ते आधीच्या वाक्यात. फुफीचा वारस कोण? मूल नाही, भाऊ गेला. भावाचे मुलगे. म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तिच्या मागे आम्हाला मिळणार ती पत्र्याची पेटी आणि माळ्यावरच्या पिंजणातला तिचा वाटा. त्या वारसाहक्काच्या बदल्यात कायद्याने माझ्यावर जबाबदारी टाकली होती आणि मी तर लेखी दिलं होतं की असा कुणी नाहीच. अब्बा ज्याला अडले होते ते नुसतं इज्जतीचं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

अर्ज मंजूर व्हायला आठ महिने लागले, कारण तालुक्याच्या समितीवर अशासकीय सदस्य नेमलेले नव्हते आणि समिती नाही म्हणून बैठक नाही. मंजूर झालं तेव्हा महिना ६०० रुपये होते. पहिले तीन महिन्यांचे एकदम आले, १८०० रुपये. बँकेतून बाहेर येऊन तिने आधी माझ्या मुलीसाठी पाव किलो जिलेबी घेतली, मग स्वतःसाठी चष्मा. उरलेल्या पैशांतून बीसीत नाव घातलं, गल्लीतल्या बायांची. आयुष्यात पहिल्यांदा ती बीसीत बसली. पुढच्या रमजानमध्ये तिने फितरा दिला, स्वतःचा, स्वतःच्या पैशाने, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याला. घरातल्या माणसांचा फितरा घरचा कर्ता काढतो, तिचा इतकी वर्षं अब्बा काढायचे. त्या वर्षी मी मोजायला बसलो, तर ती म्हणाली, "मना नको धरू. मी येगळी शे." रागाने म्हणाली नाही. तिच्या आवाजातली ऐट मला ऐकू आली, आणि दुसरंही काही.

२०१९ मध्ये ६०० चे १००० झाले. कोरोनाच्या वर्षी कागदोपत्री तिची पासष्टी झाली आणि तिला श्रावणबाळ योजनेत टाकण्यात आलं. श्रावणबाळ! ज्या बाईला मूल नाही, तिच्या पगाराला हे नाव. पण त्या वर्षी गल्लीत माग बंद, हातगाड्या बंद, रोजंदारी बंद असताना ज्या थोड्या घरांत काही ना काही येत होतं, त्यांत तिचं एक होतं. तिने बीसीच्या पैशातून दोन घरांत पीठ पाठवलं. मला ते महिन्यानंतर कळलं.

दर वर्षी हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे याचा पुरावा. एकदा तिने तिथल्या टेबलाशी उभं राहून विचारलं, "जित्ती शे मी, दिखत नही का?" लोक हसले, साहेबही हसले, पण दाखला लागलाच. पुढे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येऊ लागले. चांगली गोष्ट, मधला माणूस गेला. आता गावातल्या केंद्रात यंत्रावर अंगठा ठेवायचा. फुफीचा अंगठा उमटत नाही. तातीवर, कापसावर, नंतर भांड्यांवर घासून बोटांच्या रेषा गेल्या आहेत. पोरगा तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतो, दाबून धरतो, दुसरं बोट घेतो. कधी चौथ्या बोटावर यंत्र तिला ओळखतं, कधी "उद्या या." मग मी तिला स्कूटरवर मागे बसवून बँकेत नेतो.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखापर्यंत, महिना १५००. आमच्या गल्लीत मोठी धांदल. बाया रात्री मोबाइलवर अर्ज भरून घेत होत्या. मी स्वतः चाळीसेक अर्ज भरून दिले. या योजनेवर शहाण्या माणसांनी बरीच टीका केली आहे, त्यातली काही खरीही असेल. मी एवढंच पाहिलं की त्यांतल्या एकीलाही नवऱ्याच्या किंवा भावाच्या कार्डावरून नाव कापून आणावं लागलं नाही. सांभाळणारं कुणी नाही, असं कुणालाही कुणी लिहून द्यायला लावलं नाही. फुफी ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. वयात ती बसत नव्हतीच, आणि तिचा पगार चालू होता, रक्कमही तेवढीच. संध्याकाळी म्हणाली, "त्या लाडक्या, आनि मी निराधार."

मी यंदा निवृत्तीच्या जवळ आलो आहे. पेन्शनचे कागद करायला कपाट काढलं, तेव्हा दोन्ही रेशनकार्डं हाताशी आली. फुफी शेजारी बसली होती. तिने आमचं कार्ड उघडून लाल रेघेवर बोट ठेवलं. वाचता येत नाही तिला, पण आपलं नाव कुठे होतं ते ठाऊक आहे. म्हणाली, "भाऊ, आते मी कितला दिन शे? मनं नाव आठे परत चढाई दे. मराना येळे तरी घरना कागदवर ऱ्हाऊ दे."

मी तिला समजावलं. नाव चढलं की माझा पगार, उद्या माझी पेन्शन, तुझ्या उत्पन्नात धरतील. तुझे १५०० बंद होतील. मी तुला महिन्याला दोन हजार देईन, तू मागायचं नाही, मीच देईन. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते तू देसी. मंग मी फितरा कोना पैसानी दिसू?"

दुसऱ्या दिवशी मी नाव वाढवण्याचा कोरा अर्ज आणला. तो तिला दाखवला. तिने तो घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला, त्या सुरतच्या पत्राखाली. मागच्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी आधारकार्ड हवं होतं, म्हणून तिने पेटी उघडली. अर्ज तिथंच होता, कोरा. "राहू दे की काढू?" मी विचारलं. तिने आधारकार्ड माझ्या हातात दिलं आणि पेटी लावली. "चाल," म्हणाली, "दुफारनी भीड व्हई जाई."